चुलीकडे मागितलेल्या पाच सुटका

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका काकूंचा हात भाजला. सरपण ओलं होतं, पोरांच्या शाळेची वेळ झालेली, चूल काही पेटेना. आत निखारे धुमसत होते, म्हणून काकूंनी बाटलीतलं थोडं रॉकेल त्यावर ओतलं. भडका उडाला आणि पदरापर्यंत आला. शेजारीण धावली म्हणून हातावरच निभावलं. पुढच्या बैठकीत काकू हाताला पट्टी बांधूनच आल्या आणि म्हणाल्या, "तीस वर्षं चूल पेटवतेय. मला कुणी कधी शिकवलंच नाही, की हे असं करू नये."

खरंच की. चूल पेटवायला आपल्याला कुणी शिकवलं? आईनं. तिला तिच्या आईनं. मग याच्या मागं काय आहे, चुलीचा काही इतिहास आहे का, असा विचार करून आम्ही पुस्तकं चाळली, गावातल्या आज्यांना विचारलं. त्यातून जे हाती आलं ते आज सांगतो. शेवटी काकूंच्या प्रश्नाकडेही वळू.

सुरुवात आपल्या पुणे जिल्ह्यातूनच करू. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथं अनेक वर्षं खोदकाम केलं. जमिनीखाली तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. मातीच्या भिंतींची घरं, धान्य साठवायच्या जागा, आणि घरोघरी चुली. तिथल्या राजाचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण चुलीची जागा मात्र सापडली. "घरोघरी मातीच्या चुली" ही म्हण किती जुनी असेल कोण जाणे, त्यातली गोष्ट मात्र इतकी जुनी आहे.

तेव्हा काडेपेटी नव्हती. काडेपेटी आपल्याकडे घरोघरी पोचली त्याला फार तर शंभर-सव्वाशे वर्षं झाली. त्याआधी चकमकीवर ठिणगी पाडायची, नाहीतर विस्तव जपायचा. आमच्या गावातल्या एक आजी सांगत होत्या, की त्यांची सासू रात्री जेवणं झाली की एक जाड निखारा राखेत पुरून ठेवायची. पहाटे राख बाजूला केली की निखारा लाल. त्यावर गोवरीचा तुकडा ठेवायचा, फुंकणीनं फुंकायचं, की चूल सुरू. विझलाच तर शेजारणीकडं खापरात विस्तव मागायला जायचं. काडेपेटी महाग म्हणून ती आली तरी कितीतरी वर्षं ही रीत चालू होती.

या रीतीत एक मोठं शहाणपण आहे. आग राखेखाली झाकली की तिला हवा कमी मिळते, ती विझत नाही आणि भडकतही नाही. आगीला जळण लागतं तशी हवाही लागते, हे त्या सासूबाईंना पुस्तकाशिवाय कळलं होतं. पण यात एक धोकाही होता. झाकलेला निखारा जळताना एक वायू सोडतो, त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. जुन्या घरांना कौलांच्या फटी होत्या, दाराखाली मोकळी जागा होती, म्हणून तो निघून जायचा. आता आपली घरं स्लॅबची आणि खिडक्या घट्ट. थंडीत शेगडीत कोळसे घालून दार लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात त्या याच वायूमुळं. आजेसासूची रीत घ्यायची तर तिच्या घराच्या फटीही लक्षात ठेवायला हव्यात.

आता सरपणाकडे येऊ. चूल तीच राहिली, पण सरपण बदललं, आणि त्यामागं कायदा होता. १८७८ साली इंग्रज सरकारनं जंगलाचा कायदा केला. डोंगरावरची जंगलं राखीव झाली. काल जिथून बाई मोळी आणत होती, तिथून आज परवानगीशिवाय फाटा उचलला तर गुन्हा. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात जंगल खात्यानं गरीब शेतकऱ्याची कशी कोंडी केली, त्याची गुरं चरायचं रान कसं गेलं, हे सांगितलं आहे. रान गेलं तसं बाईचं सरपणही गेलं. मग चुलीत काय आलं? तुराट्या, पळाट्या, चिपाडं, गोवऱ्या. शेतात खत म्हणून जायचं ते शेण चुलीत जळू लागलं. पळाटी भुर्रकन जळते, तिच्यापुढून हलता येत नाही. गोवरी धुमसते, तिचा धूर डोळ्यांत जातो. चांगलं सुकं लाकूड मिळेना तसा स्वयंपाकघरातला धूर वाढला. धूर काही बाईच्या आळसानं झालेला नाही.

२००६ साली वनहक्क कायदा आला. जंगलात राहणाऱ्या लोकांचा गौण वनोपजावर हक्क त्यानं मान्य केला आणि त्या यादीत झुडपांचं लाकूड आणि खुंटही आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला. ज्यांच्या गावाला जंगल लागून आहे त्यांनी आपल्या ग्रामसभेत हा विषय जरूर काढावा.

धुरावर इलाज शोधायची सुरुवातही आपल्याच राज्यात झाली. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. त्याचं ठाणं वर्ध्याला, मगनवाडीत. कामाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडं. तिथं तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्या जोडीनं चुलीवरही काम झालं. मातीचीच चूल, पण एका जाळावर एकापेक्षा जास्त भांडी बसतील अशी आणि धूर बाहेर नेणारं धुराडं असलेली. तिला मगन चूल म्हणू लागले.

त्यानंतरचं नाव एस. पी. राजू यांचं. हे हैदराबादच्या सरकारी अभियांत्रिकी प्रयोगशाळेत काम करत. तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, १९५६ पर्यंत. राजू यांनी मातीची, धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ साली तिच्यावर इंग्रजीत छोटं पुस्तक लिहिलं. कोट्यवधी घरांना धूर नसलेलं स्वयंपाकघर, असा त्याच्या नावाचा अर्थ. त्यात त्यांनी म्हटलं, की चांगल्या चुलीनं बाईला पाच गोष्टींतून सुटका मिळायला हवी: धुरातून, काजळीतून, धगीतून, सरपणाच्या नासाडीतून आणि आगीच्या भयातून.

या पाच सुटका आम्हाला फार आवडल्या. स्वातंत्र्य मिळून सहाच वर्षं झाली होती. सगळीकडे धरणं आणि कारखाने यांची चर्चा, आणि एक इंजिनिअर मातीच्या चुलीपुढं बसून विचार करत होता, की चुलीपुढच्या बाईला स्वातंत्र्य म्हणजे नेमकं काय. पुढचा सगळा इतिहास या पाच सुटकांच्या मापानं मोजता येतो.

धूर वाईट हे सगळ्यांना माहीत होतं, पण तो किती वाईट हे मोजलं नव्हतं. ते काम १९८१ साली गुजरातच्या खेड्यांत झालं. कर्क स्मिथ नावाचे अमेरिकी शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजायचं छोटं यंत्र बांधलं. त्या भाकरी करत असताना श्वासासोबत काय आत जातं, ते पाहिलं. कारखान्याच्या धुराबद्दल जग बोलत होतं, पण त्याहून कितीतरी दाट धूर बाई रोज दोन वेळा छातीत घेत होती. पुढं कळलं, की यानं बायकांना फुफ्फुसाचा दीर्घ आजार होतो, दम लागतो, आणि कडेवरच्या लेकरांना न्यूमोनिया होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळं २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसं गेली.

याच काळात, १९८३ च्या सुमारास, केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायांना तो आठवत असेल. पंचायतीतून नावं घेतली, गवंडी आला, चूल घातली, धुराडं छपरातून वर काढलं, नोंद केली आणि गेला. २००२ पर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली घातल्याची नोंद आहे. मग त्या गेल्या कुठं?

आम्ही आमच्या आज्यांना हेच विचारलं. एक म्हणाल्या, "भाकरी कुठं भाजायची?" आपली भाकरी तव्यावर अर्धी होते. मग ती चुलीच्या तोंडाशी, आरासमोर उभी करायची, तेव्हा फुगते. नव्या चुलीचं तोंड इतकं अरुंद की आर बाहेर ओढता येईना. दुसऱ्या म्हणाल्या, "माझी लाकडं मोठी, तोंडात जाईनात. फोडायला कुऱ्हाड कोण चालवणार?" तिसऱ्या म्हणाल्या, "धुराडं काजळीनं भरलं आणि धूर उलटा घरात आला. साफ करायचं असतं, हे सांगितलंच नाही." तिघींनीही ती चूल फोडून आपली जुनी घातली.

असंच ओडिशातही दिसलं. हाना, डफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या सुमारे २,६०० घरांवर चार वर्षं लक्ष ठेवलं. सुधारित चुलीनं पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढं फरक उरला नाही, कारण चुलींची डागडुजी झाली नाही आणि त्यांचा वापर कमी होत गेला. यातल्या एस्थर डफ्लो यांना पुढं २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण आमच्या आज्यांना हे नोबेलशिवाय कळलं होतं. जी चूल वापरणार, तिला विचारल्याशिवाय घातलेली चूल टिकत नाही.

वेगळा प्रयत्न पुण्यातून झाला. आरती ही संस्था १९९६ मध्ये सुरू झाली. डॉ. आनंद कर्वे, डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांच्यासारखे शास्त्रज्ञ तिच्या कामात होते. त्यांनी चुलीचे साचे केले आणि कुंभारांना, गावातल्या कारागिरांना ते वापरायला शिकवलं. लक्ष्मी, गृहलक्ष्मी, पार्वती अशी त्या चुलींची नावं. विचार असा, की चूल गावातच बनावी, विकली जावी, आणि बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस गावातच असावा. शेतात जाळून टाकतात त्या उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धतही याच संस्थेनं बसवली.

मग गॅस आला. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली. तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ ला आपल्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बचत गटांच्या बायकांच्या मेळाव्यात दिली गेली. गॅसनं धूर आणि काजळी यांतून खरी सुटका दिली, हे मान्यच करायला हवं. तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात शंभरातल्या ४३ घरांतच मुख्य स्वयंपाक स्वच्छ इंधनावर होत होता. आणि ज्यांच्याकडं गॅस आहे त्यांचं काय? चहा आणि भाजी गॅसवर, अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर. टाकी संपली आणि हातात पैसे नसले, की सगळंच चुलीवर. म्हणजे चूल अजून आपल्यासोबत आहे, आणि ती नीट पेटवायचं ज्ञान आजही लागणार आहे.

तर आता काकूंच्या प्रश्नाकडं. राजू यांच्या पाच सुटका एकेक करून घेऊ.

पहिली, धुरातून सुटका. तोडलेल्या ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. त्या पाण्याची वाफ करण्यातच जाळ संपतो आणि लाकूड धुमसतं. म्हणून सरपण उन्हाळ्यातच फोडावं, मनगटापेक्षा जाड ठेवू नये, जमिनीपासून वर, छपराखाली, वारा लागेल असं रचावं. पावसाळ्यात उद्याचं सरपण आजच चुलीपासून चार हात लांब, कोरड्या जागी आणून ठेवावं. चुलीला चिकटून वाळत घालू नये. पेटवताना आधी राख काढावी, म्हणजे खालून हवा येते. मग नारळाची शेंडी, मक्याची सोललेली कणसं, बारीक काटक्या. त्या धडधडून पेटल्या की मगच अंगठ्याएवढी लाकडं, दोन-तीनच, मध्ये फट ठेवून. चूल कोंबून भरली की हवा कोंडते आणि धूर होतो. धुराडं असेल तर आधी मूठभर सुकं गवत पेटवून त्याच्या तळाशी धरावं. धुराडं गरम झालं की ते धूर ओढू लागतं. आणि प्लॅस्टिकची पिशवी, रबर, रंग दिलेलं लाकूड चुलीत कधीच नको. त्याचा धूर विषारी असतो.

दुसरी, काजळीतून सुटका. धुराड्यातली काजळी ही न जळलेलं सरपणच असते, आणि ती पेटूही शकते. महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, काठीला पोतं बांधून धुराडं साफ करावं. ते गवताच्या, झावळ्यांच्या छपराला टेकलेलं नसावं. त्याचं तोंड छपराच्या वर असावं, नाहीतर वारा धूर आत ढकलतो.

तिसरी, धगीतून सुटका. जाळ भांड्याच्या बुडाला लागला पाहिजे, तुमच्या तोंडाला नाही. भांडं चुलीवर नीट बसलं आणि लाकूड आत असलं की धग बाहेर कमी येते. लहान मूल मांडीवर घेऊन चुलीपुढं बसू नका. पोरांसाठी चुलीच्या पुढं दोन हातांवर रेघ मारा, तिच्या आत यायचं नाही.

चौथी, नासाडीतून सुटका. डाळ, कडधान्य भिजवून ठेवलं की लवकर शिजतं. भांड्यावर झाकण हवं. वैलावर पाण्याचं भांडं कायम ठेवा, जाणारी ऊब फुकट पाणी तापवते. आपल्या जुन्या चुलीला वैल ठेवणाऱ्या बाईनं एका जाळावर दोन भांडी ही युक्ती इंजिनिअरच्या किती तरी आधी काढली होती.

पाचवी, आगीच्या भयातून सुटका. रॉकेल, डिझेल, फवारणी पंपाचं पेट्रोल चुलीजवळ आणूच नका. गरम निखाऱ्यावर रॉकेल पडलं की त्याची वाफ होते, ती वाफ हवेत पसरते आणि एकदम पेटते. काकूंचं हेच झालं. निखारा विझल्यासारखा दिसला तरी आत गरम असतो. पदर कमरेला खोचलेला असावा. नायलॉनची साडी जळताना वितळून कातडीला चिकटते, म्हणून चुलीपुढं सुती बरी. जवळ पाण्याची बादली हवी. कडब्याची गंजी चुलीपासून लांब, आणि राख उकिरड्यावर टाकण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडा. वाऱ्यानं राखेतला निखारा उडून गंज्या पेटतात. गॅसची टाकी आणि पेटती चूल एका खोलीत नको. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीवरून सरपटत चुलीपर्यंत जातो. वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचं बटण दाबू नका, दारं उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा.

एवढं करूनही कपडे पेटलेच, तर पळू नका. जमिनीवर लोळा, किंवा जाड सुती चादर गुंडाळून आग विझवा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं थंड पाणी सोडत राहा. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, नंतर सूज येते. चिकटलेलं कापड ओढू नका. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावू नका. जखम मोठी असली, किंवा तोंडाला, छातीला असली, तर १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठा.

मैत्रिणींनो, साडेतीन हजार वर्षांत चुलीबद्दल कायदे झाले, प्रयोग झाले, योजना आल्या. त्यातलं जे टिकलं ते चुलीपुढं बसणाऱ्या बाईला पटलं होतं म्हणून टिकलं. जे तिला न विचारता आलं, ते तिनं फोडून टाकलं. म्हणून पुढच्या बैठकीत एवढंच करा. प्रत्येकीनं सांगायचं, की या पाच सुटकांपैकी माझ्या घरात किती मिळाल्या आणि कोणती राहिली. ते वहीत लिहून ठेवा. पुढं कुणी नवी चूल, नवी योजना घेऊन दारात आलं, तर आधी ती वही त्यांच्या हातात द्या.

काकूंचा हात आता बरा आहे. त्यांनी ती रॉकेलची बाटली अंगणाच्या पलीकडं, गोठ्याच्या वरच्या फळीवर ठेवली आहे. आणि सून चूल पेटवायला बसली की त्या शेजारी बसतात आणि सगळं एकदा बोलून सांगतात. तुम्हीही आज संध्याकाळी चूल पेटवताना आपल्या लेकीला, सुनेला जवळ बसवा.